पाळीव प्राण्यांवरील पिसवा आणि गोचीड

पिसवा आणि गोचीड हे कुत्रा, मांजर, गाय, शेळी इत्यादी पाळीव प्राण्यांच्या अंगावर राहून त्यांचे रक्त शोषणारे बाह्यपरजीवी (शरीराच्या बाहेरील बाजूस राहणारे परजीवी) होत. बोलण्यात या दोहोंचा उल्लेख एकत्र होत असला, तरी ते प्राणिसृष्टीच्या दोन भिन्न वर्गांतील आहेत. त्यांचे जीवनचक्र, लपण्याच्या जागा आणि त्यांच्यामुळे पसरणारे रोग वेगवेगळे आहेत. त्यामुळे एकावर लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर लागू पडेलच असे नाही. महाराष्ट्राच्या उष्ण व पावसाळ्यात दमट होणाऱ्या हवामानात दोन्ही परजीवी वर्षभर तग धरतात. प्राण्याला होणारी खाज ही त्यांची सर्वांत सौम्य बाजू होय. रक्तक्षय, गोचीड ताप आणि माणसालाही होऊ शकणारे काही रोग यांमुळे त्यांचे नियंत्रण हा प्राण्यांच्या व सार्वजनिक आरोग्याचा विषय ठरतो.

ओळख व वर्गीकरण

पिसू हा सहा पायांचा, पंख नसलेला कीटक असून त्याचा समावेश सायफोनॅप्टेरा या गणात होतो. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, तपकिरी रंगाचे आणि साधारण १ ते ३ मिमी लांबीचे असते. या चपटेपणामुळे पिसू केसांच्या दाटीतून सहज सरकते. मागच्या पायांच्या बुडाशी रेझिलिन या लवचीक प्रथिनाची गादी असते. ती दाबली जाऊन एकाएकी सुटली की पिसू आपल्या शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट उंच उडी घेते. कुत्रा व मांजर या दोहोंवर बहुधा टेनोसेफॅलायडीस प्रजातीतील पिसवा आढळतात. ‘मांजरावरील पिसू’ या नावाने ओळखली जाणारी टेनोसेफॅलायडीस फेलिस ही जाती नावाप्रमाणे केवळ मांजरापुरती मर्यादित नसून कुत्र्यांवरही मोठ्या प्रमाणात राहते.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी व विंचू यांच्या अष्टपाद वर्गातील प्राणी असून प्रौढावस्थेत त्याला आठ पाय असतात. गोचीड उडी मारू शकत नाही व उडूही शकत नाही. तो गवताच्या पात्यावर किंवा भिंतीच्या फटीत थांबून राहतो आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या अंगाला चिकटतो. पुढच्या पायांवरील हालर इंद्रिय या संवेदनाग्राहकाच्या साहाय्याने त्याला कार्बन डाय-ऑक्साइड, उष्णता व गंध यांची जाणीव होते. रक्त पिऊन फुगलेली मादी राखाडी रंगाच्या एरंडीच्या बीसारखी दिसते. उपाशी असताना तोच जीव चपटा, तीळाएवढा व लाल-तपकिरी असतो.

घरगुती कुत्र्यांवर सर्वाधिक आढळणारी जाती म्हणजे तपकिरी गोचीड (ऱ्हायपिसेफॅलस सँग्विनियस) होय. गाई-म्हशींवर प्रामुख्याने ऱ्हायपिसेफॅलस मायक्रोप्लस आणि हायलोमा प्रजातीतील गोचीड राहतात. ज्या घरी कुत्रा आणि जनावरे एकाच आवारात असतात, तेथे एकाहून अधिक जातींचे गोचीड आढळणे शक्य असते.

पिसूचे जीवनचक्र

पिसूच्या जीवनात अंडे, अळी, कोश आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. पहिले रक्तभोजन घेतल्यानंतर एक-दोन दिवसांतच मादी अंडी घालू लागते व भरात असताना दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. अंडी प्राण्याच्या केसांत घातली जात असली, तरी ती गुळगुळीत असल्यामुळे खाली गळून पडतात. कुत्रा जेथे झोपतो ते अंथरूण, सोफ्याच्या गाद्यांमधील खाच, फरशीच्या भेगा आणि गालिचा ही त्यांची साठण्याची ठिकाणे होत.

अंड्यातून बाहेर पडणारी अळी रक्त शोषत नाही. प्रौढ पिसवांची वाळलेल्या रक्ताने भरलेली विष्ठा आणि इतर सेंद्रिय कचरा हे तिचे अन्न होय. ती प्रकाश टाळते व अंधाऱ्या फटीत शिरते. पुरेशी वाढ झाल्यावर ती चिकट धाग्यांचा कोश विणते. या धाग्यांना धूळ व वाळूचे कण चिकटत असल्यामुळे कोश सहसा नजरेस पडत नाही आणि त्यावर कीटकनाशकांचाही फारसा परिणाम होत नाही.

अनुकूल हवामानात संपूर्ण चक्र सुमारे तीन आठवड्यांत पुरे होते. परंतु कोशातील पिसू बाहेर न पडता कित्येक महिने थांबू शकते. पावलांची कंपने, अंगाची ऊब किंवा श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड जाणवला की ती बाहेर येते. उन्हाळ्याच्या सुटीत अनेक दिवस बंद असलेले घर उघडताच पायांना एकाच वेळी असंख्य पिसवा चावू लागतात, याचे कारण हेच होय. घरातील पिसवांच्या एकूण संख्येत प्राण्याच्या अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवांचा वाटा साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतो, असे मानले जाते. उरलेली संख्या अंडी, अळ्या व कोश यांच्या रूपाने घरात विखुरलेली असते. म्हणून केवळ प्राण्याला आंघोळ घालून पिसवांचा नायनाट होत नाही.

गोचिडाचे जीवनचक्र

गोचिडाच्या अवस्था अंडे, डिंभ, अर्भक व प्रौढ अशा आहेत. डिंभाला सहा आणि पुढील दोन अवस्थांना आठ पाय असतात. तपकिरी गोचीड ‘त्रिपोषकी’ आहे. डिंभ, अर्भक व प्रौढ या तिन्ही अवस्था स्वतंत्रपणे प्राण्यावर चढतात, रक्त पितात आणि पुढील वाढीसाठी खाली उतरतात. मात्र या तिन्ही अवस्थांना कुत्राच प्रिय असल्यामुळे एकाच घरात, एकाच कुत्र्यावर संपूर्ण चक्र पुरे होऊ शकते. याउलट जनावरांवरील ऱ्हायपिसेफॅलस मायक्रोप्लस हा ‘एकपोषकी’ असून डिंभापासून प्रौढापर्यंतचे सुमारे तीन आठवडे तो एकाच जनावराच्या अंगावर काढतो.

रक्त पिऊन तृप्त झालेली तपकिरी गोचिडाची मादी खाली उतरते, फटीत शिरते, हजारो अंडी एकदाच घालते आणि मरते. हे गोचीड वर चढण्याच्या स्वभावाचे असतात. त्यामुळे त्यांची अंडी व डिंभ भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, खिडकीचे पडदे, छताच्या कडा अशा उंचावरील जागीही सापडतात. पिसवांचा शोध जमिनीलगत घ्यावा आणि गोचिडांचा भिंतीवरही घ्यावा, हा व्यवहारातील महत्त्वाचा भेद होय. प्रौढ गोचीड अन्नाविना अनेक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून कुत्रा काही आठवडे दुसरीकडे ठेवल्याने घर गोचीडमुक्त होत नाही.

इतिहास

पिसू व रोग यांचा संबंध उलगडण्याच्या इतिहासात तत्कालीन मुंबई इलाख्याचे स्थान मोठे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले. रोग लवकरच पुणे, नाशिक व इतर जिल्ह्यांत पसरला. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच मृत्यू झाला. नाशिकजवळच्या भगूर येथे १८९९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांचे वडील दामोदरपंत या साथीत दगावले.

प्लेगचा जीवाणू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे ओळखला गेला होता. परंतु तो उंदराकडून माणसाकडे कसा येतो हे ठाऊक नव्हते. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराची येथे फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये पिसवा हेच वाहक असल्याचे प्रयोगाने दाखविले. त्यांचे म्हणणे प्रारंभी फारसे मान्य झाले नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी व १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिग प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून या मताला पुष्टी मिळाली. प्लेगच्या घरांत मोकळे सोडलेले गिनीपिग रोगाला बळी पडत, तर पिसवा पोहोचू शकणार नाहीत अशा रीतीने ठेवलेले गिनीपिग वाचत. हे कार्य ज्या परळच्या प्रयोगशाळेशी निगडित होते, ती १८९९ पासून तेथील जुन्या राजभवनात होती व १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

प्लेगचा मुख्य वाहक म्हणजे उंदरावरील पिसू (झेनॉप्सिला चिओपिस) होय. कुत्र्या-मांजरांवरील पिसवा प्लेगच्या प्रसारात दुर्बल मानल्या जातात. त्यामुळे घरातील मांजरावर पिसू दिसणे हे प्लेगच्या भीतीचे कारण नाही. या संशोधनातून निघालेला एक नियम मात्र आजही लागू आहे. पोषक प्राणी नाहीसा झाला की उपाशी पिसवा जवळच्या दुसऱ्या प्राण्याकडे किंवा माणसाकडे वळतात. म्हणूनच साथीच्या काळात उंदीर मारण्याआधी पिसवांचा बंदोबस्त करतात. महाराष्ट्रात प्लेगने पुन्हा लक्ष वेधले ते १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावी आढळलेल्या रुग्णांमुळे.

कुत्र्यांच्या रक्तातील दोन परजीवींची प्रथम नोंदही भारतातच झाली. हेपॅटोझून कॅनिसचे वर्णन १९०५ मध्ये, तर बॅबेसिया गिब्सोनीचे वर्णन १९१० मध्ये करण्यात आले. दोन्ही गोचिडांमार्फत पसरतात.

नाशिक परिसरातील हवामान व प्रादुर्भाव

नाशिक जिल्ह्यात पर्जन्यमानाचा मोठा फरक आढळतो. सह्याद्रीला लागून असलेल्या इगतपुरी भागात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, नाशिक शहरात तो साधारण ७०० मिमीच्या आसपास असतो आणि येवला, नांदगाव, मालेगाव हे पूर्वेकडील तालुके कोरडे आहेत. हिवाळ्यात निफाड परिसरात तापमान पुष्कळ खाली उतरते, तर मे महिन्यात शहराचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या जवळ जातो.

पिसूच्या अळीला ५० टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रता लागते आणि ३५ अंशांहून अधिक तापमानात ती फार काळ जगत नाही. २० ते ३० अंश तापमान व दमट हवा तिला सर्वांत अनुकूल असते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या उन्हात अंगणातील अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात, परंतु घरातील सावलीत व पलंगाखाली त्या टिकतात. जुलै ते ऑक्टोबर हा काळ पिसवांच्या वाढीला पोषक ठरतो. तपकिरी गोचीड मात्र कोरडेपणा बराच सहन करतो. घराच्या आत तो हिवाळ्यातही चक्र पुरे करू शकत असल्यामुळे त्याचा उपद्रव एका ऋतूपुरता मर्यादित राहत नाही.

निवासाच्या प्रकारानुसारही प्रादुर्भावाचे स्वरूप बदलते. जुन्या नाशिकमधील दगड-मातीच्या वाड्यांत लाकडी तुळया व भिंतीच्या भेगा गोचिडांना आश्रय देतात. सदनिकांमध्ये जिना, उद्वाहन व वाहनतळ या सामाईक जागांतून परजीवी एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचतात. मळ्यावर व द्राक्षबागेत राखणीसाठी ठेवलेल्या कुत्र्याचा संबंध गुरे, शेळ्या-मेंढ्या, उंदीर व गवत या सर्वांशी येत असल्याने त्याला धोका अधिक असतो. अशा कुत्र्यावर उपचार करताना गोठ्यातील जनावरे वगळली, तर जनावरांवरील गोचिडांचा उपद्रव कायम राहतो.

प्राण्यांवरील परिणाम

पिसवांच्या लाळेमुळे काही कुत्र्या-मांजरांना तीव्र ॲलर्जी होते. अशा प्राण्याच्या पाठीचा मागचा भाग व शेपटीचे बूड येथील केस झडतात, कातडी लाल होते व खाजवून जखमा होतात. ॲलर्जी असलेल्या प्राण्याला हा त्रास होण्यासाठी मोजक्या पिसवांचे दंशही पुरतात. लहान पिल्लांमध्ये रक्तशोषणामुळे रक्तक्षय होतो. हिरड्या पांढुरक्या दिसतात, पिल्लू निस्तेज होते आणि वेळीच उपचार न झाल्यास ते दगावू शकते. अंग चाटताना प्राण्याने संसर्गित पिसू गिळल्यास डायपिलिडियम कॅनिनम या पट्टकृमीची बाधा होते. त्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे विष्ठेत किंवा गुदद्वाराभोवती दिसतात.

कुत्र्यांमध्ये ‘गोचीड ताप’ या नावाने एकापेक्षा अधिक रोग ओळखले जातात.

एर्लिकिओसिस हा एर्लिकिया कॅनिस या जीवाणूमुळे होणारा रोग तपकिरी गोचिडामार्फत पसरतो. ताप, अन्न नकोसे होणे, सुस्ती, लसिका ग्रंथींची सूज, कातडीखाली रक्ताचे ठिपके आणि नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे होत. रक्तातील बिंबिकांची (प्लेटलेटची) संख्या घटते. रोग दीर्घकाळ लपून राहून पुढे अस्थिमज्जा निकामी करू शकतो. व्हिएतनाम युद्धकाळात अमेरिकी सैन्याचे अनेक श्वान या रोगाने मृत्युमुखी पडले. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा सुमारे चार आठवड्यांचा उपचार रूढ आहे. कुत्रा दोन-तीन दिवसांत ताजातवाना दिसू लागला म्हणून औषध मध्येच थांबविणे धोक्याचे ठरते.

बॅबेसिओसिस हा तांबड्या रक्तपेशींत शिरणाऱ्या आदिजीवांमुळे होणारा रोग होय. पेशी फुटल्यामुळे रक्तक्षय, कावीळ व गडद रंगाची लघवी ही लक्षणे दिसतात. गाई-म्हशींमध्येही याच गटातील आदिजीवांमुळे लघवी लाल होते. बॅबेसिओसिस व एर्लिकिओसिस यांची औषधे भिन्न असल्यामुळे रक्ततपासणीशिवाय उपचार करू नयेत. दोन्ही रोग एकाच वेळी असण्याचीही शक्यता असते.

हेपॅटोझूनोसिस हा रोग गोचिडाच्या दंशाने होत नाही. कुत्र्याने संसर्गित गोचीड चावून गिळल्यास तो होतो. म्हणून काढलेला गोचीड कुत्र्यासमोर टाकू नये.

माणसावरील परिणाम

पिसवा माणसावर कायम राहत नाहीत; परंतु घोटे व पोटऱ्यांवर चावतात आणि तेथे ओळीने किंवा पुंजक्याने लाल, खाजरे चट्टे उठतात. मांजरांत पिसवांमार्फत पसरणारा बार्टोनेला हेन्सेली हा जीवाणू मांजराच्या ओरखड्यातून माणसाच्या शरीरात जाऊन ताप व लसिका ग्रंथींची सूज निर्माण करतो. लहान मुलाने चुकून पिसू गिळल्यास त्यालाही पट्टकृमीची बाधा होऊ शकते.

तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोरी या जीवाणूचा वाहक असून त्यामुळे माणसाला ‘भारतीय गोचीड टायफस’ होतो. ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि तळहात-तळपायांवरही उठणारे पुरळ ही त्याची लक्षणे होत. दंशाच्या जागी कधीकधी काळी खपली दिसते. हा रोग डेंग्यू किंवा गोवर समजला जाण्याचा संभव असतो. योग्य प्रतिजैविक लवकर दिल्यास तो बरा होतो, उशीर झाल्यास जिवावर बेतू शकतो. म्हणून घरात कुत्रा आहे, त्याला गोचीड झाले होते किंवा रुग्णाच्या अंगावरून गोचीड काढला होता, ही माहिती तापाच्या रुग्णाने वैद्यास आपणहून सांगणे महत्त्वाचे असते.

गोचिडांमुळे होणारे इतर दोन गंभीर रोग प्रामुख्याने जंगल व जनावरे यांच्याशी निगडित आहेत. क्यासनूर जंगल रोग किंवा माकडताप कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात १९५७ मध्ये ओळखला गेला. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) त्याचा विषाणू वेगळा केला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत व जंगलात काम करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हा हायलोमा गोचिडांमार्फत आणि संसर्गित जनावराच्या रक्तातून पसरतो. भारतात त्याचा उद्रेक जानेवारी २०११ मध्ये गुजरातमध्ये प्रथम निश्चित झाला. त्यात रुग्णावर उपचार करणारे वैद्यकीय कर्मचारीही बळी पडले. जनावरांचे गोचीड उघड्या हाताने चिरडू नयेत, या सूचनेमागील एक कारण हेच आहे.

तपासणी

पिसवा शोधण्यासाठी बारीक दातांची फणी केसांतून मुळापासून फिरवितात. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. त्यांच्याभोवती लालसर डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा होय. न पसरल्यास साधी माती समजावी. या चाचणीमुळे प्रत्यक्ष पिसू न दिसताही तिचे अस्तित्व कळते. अंग सतत चाटणाऱ्या मांजराच्या बाबतीत ही चाचणी विशेष उपयोगी असते.

गोचीड पातळ कातडीच्या व सहज न दिसणाऱ्या जागी चिकटतात. कानांच्या आत व मागे, पापण्यांजवळ, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत बोटे फिरवून तपासणी करावी. पावसाळ्यात व फिरून आल्यानंतर ही तपासणी रोज करणे हिताचे असते. एर्लिकियाचा संसर्ग दंशानंतर काही तासांतच होऊ शकतो. बॅबेसियाला सामान्यतः अधिक वेळ लागतो. त्यामुळे गोचीड जितका लवकर काढला जाईल तितका धोका कमी होतो.

गोचीड काढण्याची पद्धत

१. हातमोजे घालावेत किंवा बोटांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी.
२. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीच्या अगदी जवळ, तोंडाच्या भागाशी पकडावा. फुगलेले पोट दाबू नये.
३. झटका न देता व न पिळता, सरळ वर सावकाश ओढावा.
४. काढलेला गोचीड स्पिरिट असलेल्या बाटलीत टाकावा.
५. दंशाची जागा जंतुनाशकाने पुसावी व हात साबणाने धुवावेत.

जळती काडी किंवा उदबत्ती लावणे, रॉकेल, तेल अथवा चुना चोपडणे या प्रकारांनी गोचीड लवकर सुटत नाही. डिवचलेला गोचीड आपल्या तोंडातील द्रव जखमेत सोडण्याची शक्यता असते, शिवाय प्राण्याची कातडी भाजते. तोंडाचा तुकडा कातडीत राहिल्यास तो उकरून काढण्याचा खटाटोप करू नये; बहुधा तो काही दिवसांत आपोआप बाहेर पडतो.

प्रतिबंध व नियंत्रण

नियंत्रणाची तीन अंगे आहेत: घरातील सर्व प्राण्यांवर औषध, राहत्या जागेची स्वच्छता आणि पुरेसा कालावधी. यांपैकी एक जरी सुटले, तरी प्रादुर्भाव परततो.

प्राण्यावरील औषधे : मानेमागे, दोन खांद्यांच्या मधोमध कातडीवर थेंब टाकण्याची औषधे (फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन इत्यादी), औषधयुक्त गळपट्टे आणि पोटात देण्याच्या गोळ्या असे मुख्य प्रकार आहेत. थेंबाचे औषध लावण्याच्या आधी व नंतर सुमारे दोन दिवस आंघोळ टाळतात. आयसोक्सॅझोलिन गटातील गोळ्यांचा (फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर इत्यादी) परिणाम जातीनुसार एक ते तीन महिने टिकतो. परजीवीने रक्त प्यायल्यावरच त्या काम करतात. त्यामुळे गोळी दिल्यानंतर अंगावर एखादा चिकटलेला गोचीड दिसणे म्हणजे औषध निष्फळ ठरणे नव्हे. या गटातील औषधांमुळे काही प्राण्यांना कंप किंवा झटके येऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिली. आधीपासून झटके येत असलेल्या प्राण्याबाबत पशुवैद्यकास तशी माहिती द्यावी.

मात्रा वजनावर ठरते. अगदी लहान पिल्ले, गाभण व आजारी प्राणी यांच्यासाठी अनेक औषधे वर्ज्य असतात. अशा पिल्लांच्या पिसवा फणीने व कोमट पाण्याच्या आंघोळीने काढणे सुरक्षित असते. आंघोळीनंतर त्यांना लगेच कोरडे करून उबेत ठेवावे लागते.

मांजरांबाबत विशेष दक्षता : कुत्र्यासाठी असलेल्या अनेक औषधांतील परमेथ्रिन हे मांजराला विषारी आहे. मांजराच्या यकृतात ते पुरेशा वेगाने निष्प्रभ होत नाही. त्यामुळे स्नायूंचा कंप, झटके व मृत्यू संभवतो. कुत्र्याचे औषध ‘अर्धे करून’ मांजराला लावणे हे विषबाधेचे परिचित कारण आहे. अमिट्राझही मांजरासाठी वापरू नये. ज्या घरी कुत्रा व मांजर एकत्र झोपतात, तेथे कुत्र्यावरील औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे. सशाला फिप्रोनिल घातक ठरते. कॉली व तत्सम जातींच्या काही कुत्र्यांमध्ये एका जनुकीय बदलामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरते. गोठ्यासाठी आणलेले या औषधाचे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना कुत्र्याला देणे म्हणूनही धोक्याचे असते.

घराची स्वच्छता : प्राण्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. फटी, पलंगाखालची जागा व सोफा व्हॅक्यूम क्लीनरने झाडावा आणि त्यातील कचरा घराबाहेर लगेच बंद करून टाकावा. यंत्राच्या कंपनांमुळे कोशातील पिसवा बाहेर पडतात व औषधाच्या आवाक्यात येतात, हा त्याचा आणखी एक लाभ होय. गोचिडांसाठी भिंतीच्या व चौकटीच्या भेगा सिमेंट किंवा लांबीने बुजवाव्यात. फवारणी करावयाची झाल्यास प्राणी, मुले, माशांची टाकी व अन्न यांना दूर ठेवून, वेष्टनावरील सूचनांप्रमाणेच करावी. अळी व अंड्यांची वाढ रोखणारी मेथोप्रीन, पायरिप्रॉक्सिफेन यांसारखी द्रव्ये पिसवांसाठी उपयुक्त असतात.

अंगण व गोठा : गवत आखूड ठेवावे, पालापाचोळा व भंगार साठू देऊ नये आणि उंदरांचा बंदोबस्त करावा. गोठ्यातील जनावरे व राखणीचा कुत्रा यांच्यावर एकाच सुमारास उपचार करावेत. पिकांवर फवारण्याची कीटकनाशके प्राण्यांच्या अंगावर कदापि वापरू नयेत.

कालावधी : कोशावर औषधांचा परिणाम होत नसल्यामुळे उपचारानंतरही काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात. औषध बदलण्याचे ते पुरेसे कारण नव्हे. साधारण तीन महिने सलग उपचार चालू ठेवल्यास साठलेले कोश संपतात. गोचिडांबाबत प्रतिबंध वर्षभर चालू ठेवणे इष्ट मानतात.

घरगुती उपाय व गैरसमज

कडुनिंब व करंज यांच्या तेलांचा परजीवींना दूर ठेवणारा गुण ज्ञात आहे; परंतु त्यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो आणि जोरदार प्रादुर्भावात ते पुरेसे ठरत नाहीत. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर व गोचिडांवर वापरण्याची पद्धत ग्रामीण भागात आहे, मात्र ती डोळ्यांत गेल्यास तीव्र इजा करते. तंबाखूच्या काढ्यातील निकोटीन कातडीतून शोषले जाऊन विषबाधा करू शकते. रॉकेल, फिनाईल, डांबरगोळ्या व कापूर हे पदार्थ प्राणी अंग चाटतो तेव्हा पोटात जातात व घातक ठरतात. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जातात, ही समजूत निराधार आहे. उलट लसूण व कांदा यांमुळे कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

घराबाहेर न जाणाऱ्या प्राण्याला पिसवा होत नाहीत, हा आणखी एक गैरसमज होय. माणसाचे कपडे, उंदीर, शेजारचे प्राणी व पूर्वीच्या रहिवाशांनी मागे सोडलेले कोश यांतून प्रादुर्भाव होऊ शकतो. तसेच पिसवांना कंटाळून प्राणी घराबाहेर सोडून दिल्याने घर स्वच्छ होत नाही. पोषक नाहीसा झाल्यावर उरलेल्या पिसवा माणसांनाच चावू लागतात, आणि सोडलेला प्राणी परजीवी व रोग इतरांपर्यंत नेतो.

औषध-प्रतिरोध

एकच औषध वारंवार, कमी मात्रेत किंवा अनियमितपणे वापरल्यास परजीवींमध्ये त्याला तोंड देण्याची क्षमता निर्माण होते. भारतातील अनेक भागांत जनावरांवरील गोचिडांमध्ये डेल्टामेथ्रिन व तत्सम द्रव्यांविरुद्ध असा प्रतिरोध आढळला आहे. औषध योग्य मात्रेत देणे, गरजेनुसार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधाचा गट बदलणे आणि औषधाला स्वच्छतेची जोड देणे हे त्यावरील मार्ग होत.

पशुवैद्यकाकडे केव्हा जावे

ताप, दोन वेळा अन्न नाकारणे, पांढुरक्या किंवा पिवळट हिरड्या, गडद लघवी, नाकातून रक्त येणे, पोटाच्या कातडीवर रक्ताचे ठिपके, तोल जाणे अथवा औषध लावल्यानंतर कंप सुटणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. ग्रामीण भागात राज्य शासन व जिल्हा परिषद यांचे पशुवैद्यकीय दवाखाने उपलब्ध असतात. कंप सुटला असल्यास वापरलेल्या औषधाचे वेष्टन सोबत न्यावे. त्यावरील घटकद्रव्याच्या नावावरून उपचाराची दिशा ठरते. गोचीड काही आठवड्यांपूर्वी काढलेला असला, तरी त्याची माहिती पशुवैद्यकास द्यावी; कारण गोचीड तापाची लक्षणे दंशानंतर एक ते तीन आठवड्यांनी, म्हणजे अंगावर एकही गोचीड उरलेला नसताना, प्रकट होऊ शकतात.